घरी खेळायला टेबल करताय? आधी कसं बसता ते पाहा, मग लाकूड

आमच्या गावात (यवतमाळ जिल्हा, तालुक्यापासून १४ किलोमीटर आत) आता कॅरम अन् पत्त्यांच्या पुढचे खेळही आले आहेत. पुण्यात शिकणारे पोट्टे सुट्टीत येताना कॅटन, सिक्वेन्स असे बोर्डावरचे खेळ घेऊन येतात, एकाने तर डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) पुस्तक आणि फासे आणले आणि दिवाळीच्या आठ दिवसांत सहा जणांना नादी लावून गेला. २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला तेव्हापासून बारकी पोरंसुद्धा चेसबोर्ड मागून राहिली. म्हणजे खेळ आहेत, खेळणारे आहेत, पण मांडायचं कुठं? बाजेवर मांडलं की सगळं मधल्या खड्ड्यात घसरते, जमिनीवर मांडलं की तासाभरात कंबर जाते आणि स्टुलावर ठेवलेला कॅरम कोपऱ्यावर हात टेकला की उलटतो. म्हणून दोन वर्षांत मी जे काही करून पाहिलं ते इथं सविस्तर लिहून ठेवतो, कोणाचे तरी पैसे वाचतील.

पहिला टेबल मी तालुक्यातून तयार घेतला होता. ६ बाय ४ फुटाचा, वरून चकचकीत, दुकानदार म्हणाला एक नंबर प्लाय आहे. पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगल्या आणि आतून भुसा निघाला, म्हणजे प्लाय नव्हताच, भुशाचा दाबलेला बोर्ड होता. पण खरं सांगू का, तो टेबल फुगायच्या आधीच आमच्या कामातून गेला होता, कारण त्याच्या वरच्या फळीखाली चहूबाजूंनी ६ इंचाची आडवी पट्टी होती, खुर्चीवर बसलं की मांड्या त्या पट्टीला घासायच्या आणि दीड तासाच्या वर कोणी बसायचं नाही. आणि ४ फूट रुंदी म्हणजे समोरच्या बाजूची सोंगटी हलवायला प्रत्येक वेळी उठून वाकावं लागायचं. ४ फूट ऐकायला फार वाटत नाही, पण बसलेल्या माणसाचा हात आरामात दोन-सव्वादोन फुटापर्यंतच पोचतो.

दुसऱ्यांदा आमच्या गावातल्या वाढईकाकाकडे (सुताराकडे) गेलो. मी लागलो सागवान, बाभूळ, प्लाय असं विचारायला. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, आधी बसाचं कसं हाये ते सांगा, लाकडाचं मंग पाहू." सगळं गणित ह्याच एका वाक्यात आहे.

तर पहिलं काम घरी करा, फुकटात होते. एक जुना दरवाजाचा पल्ला किंवा रुंद फळी घ्या आणि विटांवर ठेवा. आपली वीट साधारण ३ इंच जाडीची असते, आडवी एकावर एक ठेवली की ३-३ इंचाने उंची वाढवता येते. त्यावर एक अख्खी संध्याकाळ खेळा, नुसतं पाच मिनिटं बसून पाहू नका, कारण पहिल्या अर्ध्या तासात सगळंच बरं वाटते, कंबर अन् गुडघे नंतर बोलतात. घरातल्या सगळ्यात उंच माणसाला आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला दोघांनाही बसवा. आमच्याकडे आजीला मेंढीकोट खेळायचा असतो आणि तिला खाली बसवत नाही, भावाच्या पोरांना उलट खुर्चीवर बसवत नाही, मांडी घातल्याशिवाय डाव लागत नाही म्हणतात. म्हणून मी असं ठरवलं की वरचा पाट एकच ठेवायचा आणि पायांचे जोड दोन करायचे, एक खाली बसायचा, एक खुर्चीचा. आपल्याकडच्या घरांना हेच सोयीचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे, शहरातल्या फ्लॅटमध्ये जागा अडवून बसणारा जड टेबल आपल्या कामाचा नाही. दिवाळीनंतर कापूस घरात आला की समोरची खोली छतापर्यंत भरते, तेव्हा टेबल सुटा होऊन भिंतीला लागला पाहिजे.

आता मापं. मांडी घालून बसणाऱ्याचे गुडघे बाहेर पसरतात, त्याला अडीच फूट जागा द्या, खुर्चीवाल्याला दोन फूट पुरते. मांडी घातल्यावर पाटाच्या खाली किमान साडेआठ इंच मोकळं पाहिजे आणि वरची कड १२ इंचाच्या आसपास, त्यापेक्षा वर गेलं की खांदे उचलून खेळावं लागते आणि मान दुखते. खाली पातळ गादी किंवा घडी केलेली सतरंजी घेतली की चांगलं जमते. खुर्चीसाठी वरची कड २९ ते ३० इंच. पण खुर्ची कोणती ते आधी पाहा, आपल्याकडे असतात हात असलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांचा हात जमिनीपासून बहुतेक २५-२६ इंचावर येतो, तो टेबलाखाली सरकला नाही तर माणूस टेबलापासून हातभर लांब बसतो आणि पुढं वाकून खेळतो. टेप घेऊन स्वतःच्या घरची खुर्ची मोजा. खाली ती ६ इंची पट्टी अजिबात लावू देऊ नका, वाढई म्हणेल मजबुती येते, तर मजबुती दुसरीकडून आणता येते, पुढं सांगतो.

रुंदी साडेतीन फूट, लांबी ५ फूट. ह्यात सहा जण बसतात, लांब बाजूंना दोन-दोन आणि टोकांना एक-एक. कोणत्या खेळाला किती जागा लागते ते पण सांगतो. मोनोपोलीचा बोर्ड २० इंच चौकोनी, स्पर्धेचा चेसबोर्ड साधारण तेवढाच (घर ५ ते ६ सेंटिमीटरचं असते), कॅटन मांडून झाल्यावर तेवढंच. पण बोर्डापेक्षा प्रत्येकाच्या समोरचे पत्ते, सोंगट्या, टोकन यांनाच जास्त जागा लागते, प्रत्येकी फूटभर तरी खोली पाहिजे. दोन्हीकडे १-१ फूट आणि मधे २० इंच धरले की ४४ इंच होतात, म्हणून ४२ म्हणजे साडेतीन फूट हा हात पोचण्याचा आणि जागा पुरण्याचा मधला आकडा आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या नकाशावर १-१ इंचाचे चौकोन असतात, २४ बाय ३६ इंचाचा नकाशा मधोमध ठेवला तरी बाजूला वही आणि फासे राहतात. मोठ्या सैन्याचे मिनिएचर (छोट्या पुतळ्यांचे) खेळ मात्र ह्यावर बसणार नाहीत, त्यांना ५-६ फूट बाय ४ फूट लागते, तो नाद असेल तर हे माप सोडून द्या.

लाकडाचं आता. आपण सागवानाच्या पट्ट्यात राहतो, आलापल्ली-बल्लारपूरचं सागवान २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं तेव्हा छाती फुगली होती सगळ्यांची. पण खेळाच्या पाटासाठी अख्खं सागवान मी घेणार नाही. एक तर महाग. दुसरं म्हणजे साडेतीन फूट रुंदी फळ्या जोडून करावी लागते आणि आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्रीत लाकूड आकसते, जुलैत ओल पिऊन फुगते, सागवान इतरांपेक्षा कमी हलते तरी एवढ्या रुंदीत दोन-तीन सुताचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडतोच, सांधे उघडतात आणि पत्त्याची कड त्यात अडकते. बाभूळ लोखंडासारखी टणक, पण ओली कापून लगेच वापरली तर पीळ मारते, वरून किडा लागतो. जुने लोक बाभूळ तळ्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे ते उगाच नाही. हो, आणि वावराच्या धुऱ्यावर स्वतःचं सागवान असलं तरी तोडायला परवानगी लागते आणि न्यायला टीपी (वाहतूक परवाना) लागते, हे करूनच घ्या. कोणी रात्री जंगलातून आणून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा. वनखात्याच्या डेपोचं घेतलं तर पावती जपून ठेवा.

जुन्या पाडलेल्या घराचं सागवान मिळालं तर मात्र सोडू नका, पन्नास वर्षं वाळलेलं असते, ते नव्या लाकडापेक्षा कमी हलते. मी तेच वापरलं, पण फक्त कडेला.

पाटासाठी १८ एमएम प्लाय घ्या. एमआर म्हणजे नुसती ओल सहन करणारा, घरात कोरड्या जागी ठीक. आपल्याकडे छपरीत पावसाचे शिंतोडे येतात, उन्हाळ्यात कूलर असतो, म्हणून थोडे जास्त द्या आणि ७१० नंबरचा मरीन घ्या, शीटवर आयएस ७१० छापलेलं असते ते पाहून घ्या. दुकानात शीटची कड नीट बघा, थर एकसारखे दिसले पाहिजेत, मधे पोकळ्या दिसल्या तर ठेवून द्या. बोटाने ठोकत गेलं की पोकळ जागी आवाज बदलतो.

शीट ८ बाय ४ फुटाची येते आणि तिची कापणी अशी केली की जवळपास काहीच वाया जात नाही. आधी ६० बाय ४२ इंचाचा पाट काढा. त्याच्या बाजूला ६० इंच लांब आणि ६ इंच रुंद पट्टी उरते, ती मधून चिरा, दोन लांब कडा झाल्या (कटरच्या पात्यात सूतभर जाते, ते धरून चाला). उरलेल्या ३६ बाय ४८ च्या तुकड्यातून ३-३ इंचाच्या अजून दोन पट्ट्या काढा आणि त्या साडेत्रेचाळीस इंचावर कापा. साडेत्रेचाळीस का, तर लांब पट्ट्या बरोबर ६० च्याच आहेत, त्यांना अजून लांब करता येत नाही, म्हणून आखूड पट्ट्यांनी दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच पुढं येऊन त्यांची टोकं झाकायची. हे उलटं केलं तर कोपऱ्यात खाच राहते. शेवटी ३० बाय ४८ चा तुकडा उरतो, त्याचं पुढं सांगतो.

ह्या पट्ट्या पाटाच्या बाहेरून उभ्या लावायच्या, अशा की पाऊण इंच पाटाच्या खाली उतरेल, पाऊण इंच प्लायची जाडी आणि दीड इंच वर उभी राहील. ती दीड इंचाची कड हाच खेळाच्या टेबलाचा जीव आहे. फासा बाहेर जात नाही, कूलर चालू असला तरी पत्ते उडून जमिनीवर पडत नाहीत, आणि वरून झाकण टाकलं की अर्धवट डाव तसाच ठेवता येतो. फक्त पाऊण इंचाची धार मनगटाला रुतते, म्हणून तिच्यावर अडीच इंच रुंद सागवानाची पट्टी आडवी बसवा आणि दोन्ही कडा रंध्याने गोल करा, मग घासायचा कागद मारा, आधी १२०, मग २२०. हात फिरवून पाहा, डोळ्यापेक्षा तळहाताला लवकर समजते. फेविकॉल लावून स्क्रू आतून मारा, डोकी वर दिसू देऊ नका. उंची मोजताना ह्या पट्टीच्या वरपर्यंत मोजा, पाटापर्यंत नाही, कारण हात तिथं टेकतात.

आता मजबुती. १८ एमएमचा प्लाय ५ फुटात आधाराशिवाय ठेवला तर वर्षभरात मधे झोळ पडतो. ह्यासाठी लाकूड नको, गावातला वेल्डिंगवाला गाठा. जो ट्रॅक्टरची ट्रॉली जोडतो त्याला हे काम दुपारभराचं आहे. १ इंची चौकोनी पाइप, १६ गेज, ६० बाय ४२ ची चौकट आणि मधे दोन आडव्या पट्ट्या २०-२० इंचावर. टाके मारल्यावर, पूर्ण वेल्डिंग करायच्या आधी, स्वतः टेप धरून दोन्ही कर्ण मोजा. ७३ इंच आणि दोन सूत दोन्हीकडून आलं पाहिजे. एकीकडं ७३ आणि दुसरीकडं साडेत्र्याहत्तर आलं तर चौकट तिरपी आहे, तिथंच हातोडीने सरळ होते, वेल्डिंग झाल्यावर होत नाही. माझी पाच सूत तिरपी आली होती, वेल्डिंगवाला भाऊ म्हणे चालते, मी म्हटलं नाही चालत. पाइपला भोकं पाडून खालून स्क्रूने प्लाय आवळा. स्क्रू पाइपच्या जाडीसकट दीड इंचापेक्षा लांब नको, नाही तर वर टोक निघते.

पायांसाठी दोन घोड्या करा, मंडपवाल्याच्या टेबलाला असतात तशा, २६ इंच उंच आणि ३२ इंच रुंद. २६ का ते पाहा: वर १ इंच पाइप, पाऊण इंच प्लाय, दीड इंच कड, वरची पट्टी धरून ३० इंचाच्या आत बसते. आणि पाट काढून त्याच घोड्यांवर कॅरम ठेवला की खेळायची जागा २७ इंचाच्या आसपास येते, कॅरमच्या नियमातली उंची ६३ ते ७० सेंटिमीटर आहे, त्यात बरोबर बसते. कॅरमची खेळायची जागा २९ इंच चौकोनी आणि बाहेरची फ्रेम धरून ३३ च्या वर जाते, म्हणून ३२ इंचाच्या घोडीवर फ्रेमखाली आधार येतो आणि कोपऱ्यावर टेकलं तरी उचलत नाही. खाली बसायला साडेआठ इंचाच्या बुटक्या घोड्या. घोड्या टोकापासून ८-९ इंच आत ठेवा, टोकाला बसणाऱ्याचे गुडघे सुटतात. सगळं मिळून २० फुटी ४ पाइप लागतात, थोडा उरतो.

आमच्या घरात अर्धी जमीन शेणाने सारवलेली आहे, अर्धी फरशी, आणि कुठंच पातळी नाही. म्हणून प्रत्येक पायात खालून नट वेल्ड करून त्यात बोल्ट घालून घ्या, फिरवला की पाय वर-खाली होतो. बोल्टखाली प्लास्टिकचा बूट. सारवलेल्या जमिनीवर पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा, नाही तर बोल्ट रुततो. लोखंडी पायाचा अजून एक फायदा म्हणजे उधई (वाळवी). लाकडी पाय मातीला लागला की उधई आतून चढते आणि वरून काही दिसत नाही, आमच्या शेजारच्या घरचा देव्हारा असाच बसला होता. लोखंडावरून चढली तरी मातीची रेघ दिसते, फडक्याने पुसता येते. पाट भिंतीला लावून ठेवाल तेव्हा खाली दोन विटा ठेवा आणि भिंतीपासून बोटभर सोडा. जळकं ऑइल लावा असं कोणी सांगेल, घरात नका लावू, वास जात नाही आणि पत्त्यांना डाग लागतात.

पाटावर काय टाकायचं? सनमायका गुळगुळीत, पुसायला सोपा, पण त्यावरून पत्ता उचलता येत नाही, नख लावावं लागते, फासा खडखड वाजतो आणि टिनाच्या घरात रात्री तो आवाज शेजाऱ्यापर्यंत जातो. खाली थोडी मऊ वस्तू पाहिजे. गेमिंगच्या मॅट महाग मिळतात. मी दोन योगा मॅट घेतल्या, २ फूट रुंद असतात, शेजारी शेजारी ठेवून कडेच्या आत चपखल बसतील अशा कापल्या आणि वरून गडद राखाडी, बारीक विणीचं जाड सुटिंगचं कापड टाकून चारही बाजूंनी मॅटखाली दुमडलं. चिकटवलं नाही. एकदा रविवारी सकाळी पोह्यावरची तर्री सांडली, कापड काढून धुतलं, झालं. वेलवेट घेऊ नका, दिसायला राजेशाही असते पण केस धरते आणि लहान टोकन त्यावर सरळ उभे राहत नाहीत.

तर्रीवरून तो ३० बाय ४८ चा तुकडा आठवला. त्याचे चार पाट करा, १५ बाय २४ चे, आणि उरलेल्या पाइपचे पाय लावून बाजूला ठेवा. चहाचा कप, चिवडा, पाण्याची बाटली सगळं ह्यावर, खेळाच्या पाटावर काहीच नाही. हा नियम आम्ही पाळतो आणि तेव्हापासून एकही पत्ता खराब झाला नाही.

झाकणासाठी १२ एमएमचा प्लाय, तीन तुकडे, प्रत्येक साधारण २० इंच रुंद, कडेवर आडवे बसतात. एकच अख्खं झाकण केलं तर एकट्या बाईमाणसाला उचलत नाही आणि मग ते निघतच नाही. झाकण टाकलं की आई त्यावर शेवया वाळवते, पोरं अभ्यास करतात, आणि खाली आमचा अर्धा डाव आठवडाभर तसाच असतो. दीड इंचात कॅटनचं सगळं बसते, माणसांचे मिनिएचर बसतात, ड्रॅगन काढून ठेवावा लागतो. आजीने पहिल्या दिवशी विचारलं होतं, "एवढा मोठा पलंग कायले बनोला बापा?" आता मेंढीकोटाला तीच सगळ्यांच्या आधी येऊन बसते, खुर्चीसुद्धा तिची ठरलेली आहे.

सगळं करायची ऐपत किंवा वेळ नसेल तर काय? मग जुना सपाट दरवाजा शोधा, कडी-कोयंडा काढा, त्यावर १२ एमएम प्लाय मारा आणि मंडपवाल्याकडून जुन्या घोड्या विकत घ्या. कड नंतर लावता येते. फक्त दरवाजाची रुंदी बघा, अडीच फुटापेक्षा कमी असेल तर चौघांचे पत्ते चालतात, बोर्डाचे खेळ नाही.

शेवटचं लाइटचं. ट्यूबलाइट भिंतीवर असली तर अर्ध्या लोकांची सावली पत्त्यांवर पडते. टेबलाच्या बरोबर मधोमध वरून वायर सोडा आणि पाटापासून अडीच-तीन फुटावर एक बल्ब लटकवा, वर स्टीलच्या जुन्या ताटलीला भोक पाडून छत्री करा म्हणजे उजेड डोळ्यात जात नाही. बल्ब बॅटरीवाला घ्या, लाइट गेली की आपोआप चालू राहतो. आमच्याकडे पावसाळ्यात रोज संध्याकाळी लाइट जाते, डाव थांबत नाही. पाखरं येतात त्या दिवसांत, तेव्हा पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब लावा, कमी येतात.